परत न आलेलं सोडण

रसिकाने फेकलेलं सोडण परत आलं नाही.

सोडण म्हणजे नारळ सोलल्यावर निघणारं काथ्याचं जाड साल. शिरवेळच्या किनाऱ्यावर रसिका कोयंडे पंधरा वर्षं सर्फिंग शिकवत होती आणि त्या पंधरा वर्षांत सोडण फेकल्याशिवाय तिने कुणाला पाण्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. रीत तिच्या वडिलांची, आबांची. आबा मासेमारीला होडी लोटायच्या आधी एक सोडण दर्यात भिरकावायचे आणि विडी संपेपर्यंत ते कुठे जातं ते बघत बसायचे. रसिकाने त्यातली विडी तेवढी वगळली. पुण्या-मुंबईहून आलेली पोरं वैतागायची, घड्याळात बघायची. रसिका म्हणायची, "लाट काय, आंधळ्यालाही ऐकू येते. पाणी कुठे चाललंय ते बघायला शिका. गप बसा पाच मिनिटं."

पाच मिनिटांत सोडण हलत-डुलत किनाऱ्याला लागायचं. शिरवेळला कायमच लागायचं.

आज ते दक्षिणेच्या खडकांपाशी पडलं, जरासं घुटमळलं आणि सरळ बाहेर निघालं. दोन मिनिटांत ते लाल बोयाच्या पलीकडे होतं. तिने दुसरं फेकलं, तिसरं फेकलं. तिन्ही त्याच वाटेने गेली. आणि नेमक्या त्याच वाटेवर, काचेसारख्या सपाट पाण्याच्या पट्ट्याला पिवळ्या दोऱ्या बांधून कंपनीने पाटी लावली होती: 'बालविभाग. सुरक्षित.'

रसिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परवा नारळी पौर्णिमा. परवाच बालविभागाचं उद्घाटन. आणि परवा या पिवळ्या दोऱ्यांच्या आत गावातली बारा पोरं उतरणार होती. त्यात तिची भाची ओवी होती.

'सागररेषा' नावाची ही कंपनी सन २०३९ मध्ये शिरवेळला आली, तेव्हा पावसाळ्यात इथे सर्फिंग होऊ शकेल यावर कुणाचा विश्वास बसला नसता. किनाऱ्यापासून दीडशे मीटरवर, समुद्राच्या तळाशी, त्यांनी साठ रुंद पाती बसवली. प्रत्येक पातं बिजागरीवर उघडमीट करणारं, दाबाच्या हवेने वर-खाली होणारं. पाती उचलली की तळ उथळ, पाडली की खोल. गावाने त्या यंत्राचं नाव पाळणा ठेवलं, आणि कंपनीने दिलेलं लांबलचक नाव कंपनीलाच ठेवून दिलं.

यात जादू काही नव्हती. लाट कशी होते हे रसिका पोरांना वाळूवर रेघोट्या ओढून सांगायची. पार दक्षिणेला भर समुद्रात वारा सुटतो. तो किती जोराचा, किती वेळ टिकला आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून वाहिला, या तीन गोष्टींवर लाट किती मोठी ते ठरतं. तिथून ती आठ-आठ दिवस प्रवास करत आपल्या दारात येते. पण येतो तो फक्त जोर. पाणी जागेवरच गोल फिरून परत आपल्या ठिकाणी येतं. दोरीला झटका दिला की झटका पुढे जातो, दोरी हातातच राहते, तसं. दोन लाटांमध्ये जेवढं अंतर, त्याच्या निम्म्यापेक्षा पाणी उथळ झालं की लाटेला तळ लागतो. ती मंदावते, आखडते, उंच होते. उंची खोलीच्या पाऊणपटीला आली की पाय अडकल्यासारखी पुढे कोसळते. सर्फर ज्याची वाट बघत बसलेला असतो, तो हाच क्षण. उथळावर लाट मंदावते म्हणूनच ती उथळाकडे वळते. पाळण्याने एवढंच केलं: तळ हवा तिथे उथळ केला आणि सगळ्या किनाऱ्यावर विस्कटून फुटणाऱ्या लाटा गोळा करून एका जागी आणल्या. तिथे कमरेएवढ्या लाटेची पुरुषभर उंच, सुबक लाट व्हायची. दर बारा सेकंदांनी एक.

आणि हे पाळण्याला शिकवलं कुणी? रसिकानेच! तिच्या अकरा वह्या होत्या. रोज सकाळची लाटेची उंची, दोन लाटांमधला वेळ, वारा, दिशा, भरती-ओहोटी, सगळं बॉलपेनने लिहिलेलं. कंपनीच्या मिहिर दाबके नावाच्या इंजिनिअरने त्या मागितल्या, तेव्हा तिने त्या कौतुकाने दिल्या. आपल्या किनाऱ्याची विद्या जगाला कळेल म्हणून हुरळून गेली होती ती. आता वाळूत उभ्या उभ्या तिला आठवलं, की त्या अकरा वह्यांत सोडणाबद्दल एक ओळ नव्हती. सोडण कधी कुणी लिहून ठेवतं का? ते बघायचं असतं. रोज बघायचं म्हणूनच लिहायचं कधी सुचलं नाही.

"शाणी गो तू, रसिके," ती स्वतःला म्हणाली, आणि बोर्ड तिथेच टाकून कंट्रोल रूमकडे निघाली.

कंट्रोल रूममध्ये तिचा धाकटा भाऊ गौरेश बसला होता. पाळणा तोच चालवायचा. कंपनीत लागल्यापासून तो घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलायचा, आणि याचाही रसिकाला राग होता. शेजारी मिहिर दाबके उभा होता, हातात चहा.

"बालविभाग हलवा," रसिका दारातूनच म्हणाली. "नाहीतर पाळणा बंद ठेवा."

मिहिरने शांतपणे स्क्रीन तिच्याकडे वळवला. "मॅडम, हे बघा. मुलांच्या पट्ट्यात लाटेची उंची वीस सेंटिमीटर. सगळ्या किनाऱ्यावर याहून सुरक्षित जागा नाही. यंत्रानेच निवडलीय."

"लाट नाही म्हणूनच सांगतेय! तिथे लाट का फुटत नाही? खाली खोल झालंय म्हणून. खोल का झालंय? परत जाणारं पाणी वाळू खरवडून नेतंय म्हणून. फुटलेल्या लाटेचं पाणी किनाऱ्याकडे येतं ना? मग ते जाणार कुठे, वर माडावर चढणार? आधी लाटा सगळीकडे फुटायच्या, पाणी सगळीकडून हळूहळू परत जायचं. आता तुम्ही सगळ्या लाटा मध्ये आणून आपटताय. एवढं पाणी साचतं आणि एका वाटेने बाहेर पळतं. ती वाट खडकांपाशी आहे. तिथेच तुम्ही पोरं सोडणार!"

"रिटर्न फ्लो मॉडेलमध्ये धरलाय," मिहिर म्हणाला.

"मोजलाय का?"

मोजला नव्हता. मोजणारी यंत्रं पात्यांवर होती, दीडशे मीटर आत. किनाऱ्याजवळून परत जाणाऱ्या पाण्याचा ओढा त्यांना कळायची सोयच नव्हती.

"तुम्ही कशावरून म्हणताय?" त्याने विचारलं.

"तीन सोडणं फेकली. तिन्ही गेली."

मिहिर हसला नाही, पण चहाचा कप तोंडाला लावला. "नारळाच्या सालीवरून उद्घाटन पुढे ढकला म्हणून मी वर काय सांगू? तुमचा अभिप्राय नोंदवून घेतो."

अभिप्राय! रसिकाने गौरेशकडे पाहिलं. "तू सांग तेका. तू आबांच्या होडीत वाढलंस ना?"

गौरेशने मान वर केली नाही. "ताई, मुलांच्या हाताला पट्टे आहेत. कुणी जरा बाहेर गेलं तर पट्टा थरथरतो, किनाऱ्याकडे बाण दाखवतो. बचावाच्या दोन वॉटर स्कूटर आहेत. तू उगाच घाबरवू नकोस."

"किनाऱ्याकडे बाण? ओढ्याच्या उलट? पट्टीचा पोहणारासुद्धा त्यात पाच मिनिटांत गळपटतो रे! आणि स्कूटर कुठे ठेवल्यात? मोठ्या लाटेपाशी ना?"

"धोका तिथे असतो म्हणून."

"निदान ओवीला तरी उतरवू नकोस."

"माझीच मुलगी नसेल तर बाकीचे आईबाप काय म्हणतील?" मग गौरेश खुर्चीतून उठला आणि जे बोलायचं नव्हतं ते बोलला. "तुझी शाळा बंद पडली, हे खरं दुखणं आहे तुझं. सगळं गाव बोलतंय. मीच आपला ऐकून घेतोय."

रसिकाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं, आणि ते या दोघांना दिसलं याचा आणखी राग आला. तिची सर्फिंगची शाळा बंद पडली होती हे खरं होतं. पट्टा बांधला की झालं, मग सोडण बघत कोण बसतो? पण म्हणून सोडण खोटं होत नव्हतं. बाहेर पडताना तिने दार असं आपटलं, की मिहिरच्या हातातला चहा सांडला.

दोन दिवस ती दारोदार फिरली. गौरेशचं सोडून अकरा घरं. कुणी चहा दिला, कुणी दारातूनच वाटेला लावलं. निधी मोंडकरची आई तेवढी थोडी चपापली. "काय गो, खरा सांगतंस?" असं तिने दोनदा विचारलं. पण निधीला नवा पोशाख मिळाला होता, आजोळची माणसं बघायला आली होती. "गौरेश आसा ना थय," ती शेवटी म्हणाली. "तेचा चेडू पण आसा." गौरेशची मुलगीही उतरणार म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

उरले आबा. नारळी पौर्णिमेला दर्याला पहिला नारळ देण्याचा मान कोयंड्यांच्या घराकडे होता, म्हणजे आबांकडे.

"तुमी नारळ देऊ नकात," रसिका म्हणाली. "मानकरी अडून बसलो की कार्यक्रम थांबात."

आबा जाळ्याच्या गाठी चाचपत होते. "दर्याचो नारळ मी अडवचंय नाय," ते म्हणाले. "मी नारळ सोडतंय. काय ता दर्यो सांगात. मगे मी बोलान."

पौर्णिमेच्या दिवशी ऊन पडलं होतं. दर्या मवाळ होता; उत्तरेच्या टोकाला कमरेएवढ्या लाटा येत होत्या, आणि मधोमध मात्र पाळणा पुरुषभर उंच लाटा उभ्या करत होता. किनाऱ्यावर मांडव, मांडवात पाहुणे, लाउडस्पीकर. पिवळ्या दोऱ्यांपाशी बारा पोरं छोटे बोर्ड काखेत धरून ओळीने उभी. ओवीने आत्याकडे बघून हात हलवला. रसिका आपला जुना बोर्ड घेऊन खडकावर उभी होती. तिला मांडवात बोलावलं नव्हतं, आणि बोलावलं असतं तरी ती गेली नसती.

आबा गुडघाभर पाण्यात गेले. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ त्यांनी कपाळाला लावला आणि दक्षिणेच्या अंगाला सोडला, कारण मांडव तिथे होता आणि कॅमेरेही तिथेच होते.

नारळ घुटमळला. मग वळला आणि सरळ बाहेर निघाला, कुणी दोरीने ओढत न्यावा तसा.

लोकांनी टाळ्या वाजवल्या! बाया हात जोडून उभ्या राहिल्या. लाउडस्पीकरवरचा माणूस ओरडला, "दर्याने मान स्वीकारला! नारळ परत आला नाही, शुभशकुन आहे मंडळी!" या गावात नारळ किनाऱ्याला परत लागला की दर्या रुसला म्हणायचे, आणि आत गेला की वर्ष चांगलं. पिढ्यान् पिढ्या म्हणायचे. आत जायला पूर्वी त्याला तास-दीड तास लागायचा, ओहोटी धरावी लागायची, हे त्या आनंदात कुणाला आठवलं नाही. रसिकाला वाटलं, एकेकाच्या गळपट्टीला धरून हलवावं. अरे, डोळे आहेत ना तुम्हाला? बापजाद्यांनी दर्यात जन्म काढले तुमच्या!

आबांना मात्र आठवलं. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. "घेवक नाय ह्या दर्यान," ते ओरडले, "ओढून नेल्यान!" पण तोवर शिट्टी वाजली होती आणि बारा पोरं हसत-खिदळत सपाट पाण्यात शिरली होती.

एक मिनिटभर काहीच झालं नाही. मग पोरं आणि किनारा यांच्यामधलं पाणी वाढत गेलं. कुणाचा हात दुखला नाही, कुणाला धक्का बसला नाही. फक्त माणसं लहान दिसायला लागली. पट्टे थरथरले. बाराही पोरं शहाण्यासारखी वळली आणि बाण दाखवत होता तिकडे, किनाऱ्याकडे, जिवाच्या आकांताने हात मारायला लागली. आणि तरीही मागे मागे जात राहिली.

"आबा!" रसिका खडकावरून किंचाळली. "गौरेशाक सांगा! पाळणो बंद!"

आणि तिने उडी टाकली, ओढ्यातच टाकली. आत पोचायची तीच सगळ्यात जलद वाट होती. हात मारत असताना तिला मागून लाउडस्पीकर ऐकू आला. आबांनी निवेदकाच्या हातातून माइक हिसकावला होता. "गौरेशा! बंद कर ता! पोरां मरतली रे!"

पुढून एक मोठी लाट कोसळली. रसिकाने मनात मोजलं: एक. बारा सेकंदांनी दुसरी. पाळणा चालूच होता.

"पट्टे काढा!" ती पोरांमध्ये शिरत ओरडली. "काढून फेका! किनाऱ्याकडे नको, दमाल! बोर्डाला धरून पडून ऱ्हवा! मी सांगतंय तवा आडवं जायचं, उत्तरेक, सगळ्यांनी!"

तीन. चार. एका पोराने पट्टा काढला, मग दुसऱ्याने. ओवी रडत होती पण बोर्ड घट्ट धरून होती. आडवं जायला पाहिजे होतं, पण आडवं म्हणजे त्या पुरुषभर लाटांच्या तोंडात. पाळणा थांबल्याशिवाय पोरांना तिकडे वळवता येत नव्हतं, आणि ओढा तर सगळ्यांना बाहेर, पात्यांच्या टोकाकडेच नेत होता. पाच. सहा. "बंद कर रे मेल्या!" रसिका ओरडली. ऐकायला कुणी नव्हतं.

सातव्या लाटेत निधी मोंडकर सापडली. ती सगळ्यांत पुढे होती, पट्टा अजून हातात, अजून किनाऱ्याकडे हात मारत. लाटेच्या कडेने तिला उचललं आणि पात्यांवर आपटलं. रसिका तिकडे वळली. आठ, नऊ. दहाव्या लाटेखालून तिने निधीचा दंड पकडला तेव्हा तो भलत्याच ठिकाणी वाकलेला होता. अकरावी लाट दोघींच्या डोक्यावरून गेली.

बारावी उभी राहिलीच नाही.

पाती पडली होती. दर्या एकदम पसरट झाला. साचलेलं पाणी रितं होईपर्यंत ओढा आणखी जोराने धावला. रसिकाला ते ठाऊक होतं, म्हणून तिने पोरांना नुसतं वाहू दिलं. "काय करू नका. पडून ऱ्हवा." मग जोर सरला. "आता! आडवं!" पोरं ओळीने उत्तरेला सरकली, आणि कमरेएवढ्या साध्यासुध्या लाटांनी त्यांना एकेक करून वाळूवर आणून घातलं. वॉटर स्कूटर तेव्हा कुठे पोचल्या.

बाराही वाचली. निधीचा हात तीन ठिकाणी मोडला, आणि पाठीच्या कण्याचं डॉक्टर अजून काही सांगत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिहिर दाबके किनाऱ्यावर आला. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता, पण वाक्यं तयार होती. सुरक्षा पट्ट्यांमुळे सर्व मुलांचा ठावठिकाणा प्रत्येक क्षणी उपलब्ध होता, असं निवेदन कंपनीने काढलं होतं. आणि एक विनंती होती.

"तुमच्या वह्यांत जे राहून गेलं ते द्याल का?" तो म्हणाला. "सोडणाचं. पुढच्या आवृत्तीत घालता येईल."

"पुढची आवृत्ती?" रसिका म्हणाली. "पोर तिकडे प्लास्टरमध्ये पडलीय आणि तुला पुढची आवृत्ती सुचतेय? लाज नाही वाटत? तीन दिवसांपूर्वी फुकट देत होते ना! तुझ्या दारात चालत आले होते द्यायला! चालता हो. चालता हो माझ्या किनाऱ्यावरून!"

तो गेला.

मग गौरेश आला आणि तिच्या शेजारी वाळूत बसला. समोर पाती पडलेली होती, लाटा जुन्यासारख्या सगळीकडे फुटत होत्या.

"अकरा लाटा," रसिका म्हणाली. "मी मोजल्या. आबा पहिल्या लाटेच्या आधी ओरडलेले. दोन मिन्टां तू काय करत होतंस?"

"मिहिर म्हणाला, स्क्रीनवर मुलांच्या पट्ट्यांचे ठिपके अजून हिरवे आहेत, थांब. पाहुण्यांसमोर बंद पडलं असं दिसायला नको." गौरेश वाळूकडे बघत होता. "मग पात्यांपाशी निधीचा ठिपका लाल झाला. सातव्या लाटेला. तेव्हाही तो म्हणाला, एकच आहे, स्कूटर निघालीय."

"आणि तू थांबलंस."

"थांबलो."

"आणि मगे?"

"मग ओवीचा लाल झाला."

रसिकाला वाटलं, याला आत्ताच्या आत्ता पाण्यात ढकलावं. तिने मुठीत वाळू घट्ट धरली. निधीचा दंड अजून तिच्या बोटांना जाणवत होता.

"तुझा चेडू पाण्यात होता म्हणान बंद केलंस," ती म्हणाली. "नसता तर?"

तो आता काहीतरी पुस्तकी बोलेल, मॉडेलचं नाव घेईल, मिहिरचं नाव घेईल, असं तिला वाटलं. त्यावर फेकायचे शब्द तिच्या जिभेवर तयार होते.

पण दोन वर्षांत पहिल्यांदा गौरेश घरच्या बोलीत बोलला. "माका म्हायत नाय गो, ताई."

तिने त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलत नव्हता.

"मगे निधीच्या घराक जा," ती म्हणाली. "तिच्या आवशीसमोर उभो ऱ्हव, आनी ह्याच सांग."

गौरेश उठला, पँटची वाळू झटकली आणि मोंडकरांच्या घराच्या दिशेने चालायला लागला. अर्ध्या वाटेवर थांबून त्याने मागे पाहिलं. ती बरोबर येईल असं त्याला वाटलं असावं.

रसिका जागची हलली नाही.